घराचा नकाशा आणि यंत्राची अडवणूक



नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्यानें दक्षिणेस सुमारें ३० किलोमीटर गेलें म्हणजे बुटीबोरीची औद्योगिक वसाहत लागते. तेथील कारखान्यांत राबणाऱ्या एखाद्या माणसानें वर्षानुवर्षें शिल्लक टाकून ३० फूट रुंद व ४० फूट लांब असा भूखंड घेतला, तर तो बहुधा त्याच्या आयुष्यांतला सर्वांत मोठा व्यवहार असतो. त्या भूखंडावरचें घर प्रथम उभें राहतें तें मात्र संगणकाच्या पडद्यावर. पूर्वीं ड्राफ्ट्समनच्या हातीं टी-स्क्वेअर आणि शाई असे. १९८२ सालीं ऑटोकॅड बाजारांत आलें, आणि पुढें स्केचअपसारखीं सॉफ्टवेअरें आलीं. काम सोपें झालें खरें. परंतु हीं साधनें मधूनच अडून बसतात, आणि मग नकाशा काढणारा कांहीं तरी तोड काढतो. एक तोड नकाशा सुधारते, दुसरी नुसतें त्याचें रूप सुधारते. या दोहोंतला भेद घर बांधणाऱ्यानें ओळखावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

पहिली अडचण मापाच्या एककाची. आपल्याकडे जमिनीचा भाव चौरस फुटांत ठरतो, मंजुरीचा नकाशा मीटरांत द्यावा लागतो, आणि पडद्यावरचें चित्र पुष्कळदां मिलिमीटरांत काढलेलें असतें. एका चित्रांतलें दार उचलून दुसऱ्या चित्रांत बसविलें कीं मौज होते. तीन फुटी दार इंचांत काढलेलें असेल तर त्याची रुंदी ३६. तोच आंकडा मिलिमीटरांच्या चित्रांत ३६ मिलिमीटर होऊन बसतो, म्हणजे दार अवघें दोन बोटें रुंद! पाहणारा म्हणतो, यंत्र बिघडलें. वस्तुतः यंत्रानें आंकडा जसाच्या तसा घेतला. त्याचें एकक त्याला कोणी सांगितलें नव्हतें. दोन्ही चित्रांचीं एककें तपासावीं आणि दार २५.४ पटींनीं वाढवावें, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. दार नुसत्या अंदाजानें ताणून भिंतींतल्या जागेंत बसवूं नये. सुतार चौकट त्याच मापाची करील.

दुसरी अडचण उघड्या कोपऱ्याची. खोलीचें क्षेत्रफळ विचारलें असतां सॉफ्टवेअर तें देत नाहीं, किंवा भिंतींत रेघाटणी भरूं गेलें तर भरत नाहीं. बहुधा कोठें तरी दोन रेषा केसभर दूर राहिलेल्या असतात. आपल्या डोळ्यांना खोली बंद दिसते, यंत्राच्या हिशेबीं तिला फट असते. कोपरे मोठे करून पाहावेत आणि रेषा जोडाव्यात. ही बाब क्षुल्लक नव्हे. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीची ऑटोडीसीआर ही प्रणाली नकाशा बांधकामाच्या नियमांशीं ताडून पाहते. तिला भूखंडाच्या व इमारतीच्या रेषा ठरलेल्या थरांवर आणि पूर्ण बंद केलेल्या लागतात. थर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. घर नियमांत बसत असूनहि एका फटीपायीं नकाशा परत येऊं शकतो.

तिसरी अडचण दूरत्वाची. उपग्रहांच्या आधारें केलेल्या मोजणींतले उत्तरेचे आंकडे पुष्कळदां विषुववृत्तापासून धरलेले असतात. बुटीबोरी तेथून सुमारें २,३०० किलोमीटर, म्हणजे २३० कोटी मिलिमीटर दूर आहे. संगणक ठरावीक अंकांपुरतेंच अचूक मोजूं शकत असल्यामुळें इतक्या दूरचें चित्र स्केचअपमध्यें थरथरूं लागतें व कोपरे नीट जुळत नाहींत. अशा वेळीं चित्र शून्य बिंदूजवळ सरकवावें, आणि किती सरकविलें तें नकाशावरच लिहून ठेवावें. ही तोडच आहे, पण ती प्रामाणिक आहे.

आपल्या भाषेचीहि एक अडचण आहे. ऑटोकॅडच्या जुन्या एसएचएक्स फॉन्टांत 'स्वयंपाकघर' असें लिहूं गेलें तर प्रश्नचिन्हांची रांग उमटते. मंगलसारखा युनिकोड फॉन्ट निवडला म्हणजे देवनागरी अक्षरें दिसूं लागतात.

आतां घातक तोडीविषयीं. खोली ३ मीटर हवी, आणि चित्रांत ती २.९५ मीटर भरली. नीट करावयाचें तर अनेक भिंती हलवाव्या लागतात, आणि ग्राहक तर दाराशीं येऊन उभा. सॉफ्टवेअरमध्यें मापाचा आंकडा हातानें बदलण्याची सोय असते. तिचा उपयोग करून रेषा तशीच ठेवून वर ३.०० असें लिहिलें जातें. कागद निर्दोष दिसतो. परंतु गवंडी रेषा मोजीत नाहीं, तो लिहिलेला आंकडा वाचतो. पायाचा आराखडा मात्र मूळ रेषांवरून निघालेला असतो. अशा तीन खोल्या ओळीनें आल्या तर शेवटची भिंत १५ सेंटिमीटर पुढें सरकते आणि खालचा खांब मागेंच राहतो. विदर्भांतली काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. अशा जमिनींत ओतलेला पाया फोडून पुन्हां घालणें म्हणजे काय, हें ज्याच्यावर तो प्रसंग येतो त्यालाच कळतें.

मग घरधनी व घरधनीण यांनीं काय करावें? नकाशा १:१०० या प्रमाणांत छापून घ्यावा आणि मुलांच्या कंपासपेटींतल्या पट्टीनें भूखंडाची ३० फुटी बाजू मोजावी. ३० फूट म्हणजे ९.१४४ मीटर, पट्टीवर ती ९१ मिलिमीटरांहून किंचित अधिक भरली पाहिजे. कमी भरली तर चित्र छापतांना कागदांत बसविण्यासाठीं आकसलें आहे, किंवा एकक तरी चुकलें आहे. नंतर ओळीनें येणाऱ्या खोल्यांचीं मापें आणि भिंतींच्या जाड्या यांची बेरीज करावी. ती बाहेरच्या एकूण मापाशीं जुळली पाहिजे, आणि पट्टीनेंहि तेंच सांगितलें पाहिजे. तफावत दिसली तर ड्राफ्ट्समनला तेथेंच विचारावें. त्यांत त्याचा अपमान नाहीं. एखादी तोड केलीच असेल, तर ती कोठें व कां केली हें त्याच्याकडून नकाशाच्या कडेला लिहून घ्यावें, म्हणजे जागेवरचा मिस्त्री फसणार नाहीं.

पडद्यावरची भिंत क्षणांत हलते, विटांची हलत नाहीं. म्हणून हे प्रश्न पाया खणण्यापूर्वीं विचारावेत, एवढी विनंती करून आपली रजा घेतों.