वेठ मोडली, आता जमीन मिळवा
(डोंगरकडा येथील भाषण)

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वारली मजूर लग्नापायी कर्ज काढी नि जन्मभर सावकाराच्या दारी राबे. १९४५ साली झरी येथे हजारो वारली जमले. वेठ करावयाची नाही, असे एकमुखाने ठरले. त्याच साली तलवाड्यास गोळी चालली, जेठ्या गांगड पडला. पण एकी मोडली नाही. वेठ मोडली.

आमच्या कळमनुरी तालुक्यातील आंध बांधवांनी हे ध्यानी धरावे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी जी वनजमीन पोटासाठी कसतो, तिच्यावर चार हेक्टरपर्यंत २००६ च्या कायद्याने त्याचा हक्क आहे. दावा ग्रामसभेपुढे मांडावा लागतो. वृद्धांचा लेखी जबाबही पुराव्यात धरतात.

कुणबी, सुतार, लोहार बंधूंनो, त्या सभेत तुम्हीही बसता. कष्टकऱ्याच्या दाव्याला कष्टकऱ्यानेच हात वर केला नाही, तर कोण करील?