तोंड उघडायचा रेट

(महाड येथे युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

बहिणींनो, भावांनो आणि मागच्या रांगेत मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेल्या मित्रांनो, जय भीम!

तुम्ही मला विषय दिलाय, नव्या मालिका आणि रॅप. मी समीक्षक नाही. मुरूडच्या किनाऱ्याकडच्या एका बौद्धवाडीतली पोरगी आहे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. मालिका आजीच्या शेजारी बसून बघितल्या, वेब सिरीज होस्टेलात चौघींनी मिळून एका मोबाईलवर बघितल्या, आणि रॅप भावाच्या कृपेनं रात्रंदिवस कानात शिरला. एवढ्याच भांडवलावर बोलते.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे शूटिंगवाले आले. नाव सांगत नाही. कुणाचंही धरा, फरक पडत नाही. ‘गर्दी पाहिजे’ म्हणाले. वाडीतली पंधरा माणसं निवडली. माणशी 500 रुपये आणि दोन वडापाव. माझी आई इस्त्रीची साडी नेसून गेली. कपडेवाल्या बाईनं ती उतरवायला लावली, फाटकं लुगडं दिलं, पायाला माती फासली. मी म्हटलं, मॅडम, गरीब आम्ही आधीच आहोत, वर आणखी मेकप कशाला? ती हसून म्हणाली, “तुम्ही ओरिजिनल आहात गं, पण कॅमेऱ्यात ओरिजिनल दिसत नाही.”

सीन असा होता : सावकार वस्ती पेटवतो, हिरो धावत येतो आणि आमच्या वतीनं लांबलचक भाषण ठोकतो. आम्ही मान खाली घालून ऐकायचं. आईनं भोळेपणानं विचारलं, “आम्ही काय बोलायचं?” असिस्टंट म्हणाला, “मावशी, तोंड उघडायचं नाही. बोललात की रेट बदलतो.”

मित्रांनो, माझी सगळी समीक्षा या एका वाक्यात आहे. आपलं दुःख त्यांना स्वस्तात पाहिजे. आपला शब्द मात्र त्यांना महाग पडतो.

आता मालिका घ्या. 2019 साली स्टार प्रवाहवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ सुरू झाली. सागर देशमुख बाबासाहेब झाले होते. आजी चपला दाराबाहेर काढून, पदर सावरून बघायला बसायची. मी तिला हसणार नाही. ज्या डब्यात तिनं जन्मभर परक्यांचे वाडे आणि सासू-सुनांचे दागिने बघितले, त्यात बाबासाहेब दिसले, ही साधी गोष्ट नव्हे. पण 2020 मध्ये मालिका संपली आणि डबा पुन्हा वाड्यात जाऊन बसला.

आणि मला एक खुपतं. 20 मार्च 1927 ला याच महाडात माणसं चवदार तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि नंतर मार खाऊन घरी गेली. प्रत्येकाला नाव होतं, घर होतं, भीती होती. खोताची जमीन कसणाऱ्याला उद्याच्या भाताची चिंता होती. तरी गेली! त्या माणसांची मालिका कुठंय? महामानवाची गाथा रचली की बाकीचे सगळे पुन्हा गर्दीत जातात. पुन्हा पंधरा माणसं, माणशी 500.

2023 मध्ये ‘दहाड’ आली. सोनाक्षी सिन्हाची फौजदारीण, अंजली भाटी. बापानं ‘मेघवाल’ आडनाव टाकून ‘भाटी’ लावलेलं असतं. शेवटी ती आपलं आडनाव परत घेते. होस्टेलात आम्ही चौघींनी टाळ्या वाजवल्या, कारण आडनाव विचारलं की पोटात गोळा येणं म्हणजे काय ते चौघींनाही माहीत आहे. त्याच वर्षी ‘मेड इन हेवन’च्या दुसऱ्या भागात नीरज घेवाननं बौद्ध पद्धतीचं लग्न दाखवलं. राधिका आपटे नवरी होती. मी रडले, खोटं कशाला बोलू? पण पाठोपाठ लेखिका याशिका दत्त म्हणाल्या की यात माझं आयुष्य आणि माझं लेखन आहे, मला श्रेय द्या. निर्मात्यांनी ते नाकारलं. कोण खरं, याचा निवाडा मी करत नाही. मी एवढंच बघते की भांडण नावावरून झालं.

गाण्याच्या धंद्यातही तेच. तमिळ रॅपर अरिवूनं 2021 साली ‘एन्जॉय एन्जामी’ लिहिलं. त्यामागं श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेली त्याची आजी आहे. गाणं जगभर गाजलं आणि ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर अरिवूच नव्हता! बोंबाबोंब झाली, तेव्हा त्याचं वेगळं मुखपृष्ठ निघालं. म्हणजे नाव मागावं लागतं, ओरडून मागावं लागतं.

आपले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, रॅप हे अमेरिकेचं फॅड आहे. काका, जरा थांबा. 1970 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, पडक्या इमारतींत राहणाऱ्या काळ्या आणि पोर्टोरिकन पोरांनी हे उभं केलं. 1972 साली मुंबईत पँथर उभी राहिली, तेव्हा नाव कुणाकडून घेतलं? अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडूनच ना? तेव्हा नाव चाललं, मग आता ताल का चालत नाही? त्यांच्या गिल स्कॉट-हेरॉननं 1970 मध्येच बोलत्या कवितेत बजावलं होतं की क्रांती टीव्हीवर दिसणार नाही. आणि तालावर वाद घालणं आपल्याला नवं आहे काय? भीमराव कर्डकांच्या जलशांनी तेच केलं. माईक नव्हता, पैसा नव्हता, गावोगाव फिरून लोकांना शहाणं केलं.

रॅपला वाडा लागत नाही, गुरू लागत नाही. श्वास लागतो आणि स्वतःची बोली लागते. ज्या उच्चाराला शाळेत हसले, तोच उच्चार इथं हत्यार होतो. म्हणून तर सत्ता घाबरते. एप्रिल 2023 मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर सत्ताधाऱ्यांना झोंबणाऱ्या गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. तोंड उघडायचा रेट इथंही आहे. फरक एवढाच की तो आपण भरायचा.

पण आपलंही सोनं पितळ तपासूया. माझ्या भावानं पहिलं गाणं केलं. ताल फक्कड. व्यवस्थेला तीन शिव्या, तिन्ही आईवरून. आई तिथंच भाकरी थापत होती. म्हणाली, “भांडण तुझं त्यांच्याशी, मग मधी मी कशाला रे?” भाऊ गप्प झाला. मित्रांनो, तुम्हीही गप्प व्हा. मनूला जाळणारं गाव आहे हे. 25 डिसेंबर 1927 ला इथंच ती पोथी जाळली. तोंडात मनू ठेवून विद्रोह होत नाही.

भावानं गाणं फाडलं. नवं लिहिताना आईला विचारलं, नळाची लाईन आपल्या वाडीच्या अलीकडेच संपली, तेव्हा डोक्यावरून पाणी कोण कोण आणायचं? आईनं एका दमात नऊ बायांची नावं घेतली. आता त्या गाण्यात नऊ नावं आहेत आणि मधलं कडवं आई स्वतः बोलते. ती ‘आणलं’ला ‘आनलं’ म्हणते. तसंच ठेवलंय.

तर माझं मागणं थोडक्यात. येत्या 14 एप्रिलला अर्धा तास डीजे बंद ठेवा. वर्गणी आपण भरतो आणि कान दुसऱ्याच्या भिंती ऐकतात, हे पुरे. त्या अर्ध्या तासात माईक बायांच्या आणि पोरांच्या हातात द्या. लिहिणाऱ्याचं नाव मोठ्यानं सांगा. आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला खाली उतरवा. आणि मालिका लिहायला जाणार असाल तर जरूर जा, फक्त गर्दीतल्या एका बाईला तरी एक वाक्य द्या.

परवा पुन्हा शूटिंगवाले येऊन गेले म्हणे. आईनं त्यांना सांगितलं, “येईन. पण आधी माझं वाक्य दाखवा.”

जय भीम!