पडद्यावरून वैद्यकाचा धडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी गोंदियास केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी आताच वार्षिक अहवाल वाचला. त्यात ‘चित्रपटाचा प्रयोग : एक’ एवढीच ओळ आली. त्या ओळीविषयी चार शब्द सांगावेत अशी मला आज्ञा झाली आहे.

कल्पना साधी होती. वैद्यकाचा इतिहास पुस्तकांतून वाचायला आपल्याला सवड कुठली? रोवणी आली की आमगाव-गोरेगावकडच्या भगिनी तर सभेलाही येत नाहीत. तेव्हा चित्रपट लावायचा, मधूनमधून थांबवायचा, आणि पडद्यावर न आलेले कोणीतरी सांगायचे. समीर विद्वांस यांचा २०१९ सालचा ‘आनंदी गोपाळ’ आम्ही निवडला. तो काही शाळेसाठी काढलेला नाही. त्यात नवराबायकोची गोष्ट अधिक, वैद्यक थोडे. म्हणून तर थांबवायची गरज!

पहिल्यांदा थांबलो ते आनंदीबाईंचे दहा दिवसांचे मूल जाते तिथे. त्या तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. दिवे लावले तरी कोणी बोलेना. मग मी व्हिएन्नाच्या डॉ. सेमेलवाइस यांची हकीगत सांगितली. प्रेते चिरून डॉक्टर तसेच बाळंतिणीकडे जात. १८४७ मध्ये त्यांनी सर्वांना चुन्याच्या क्लोराइडच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने उतरले. तरी मोठमोठ्या डॉक्टरांना ते कित्येक वर्षे पटले नाही! यावर मागून एक आजीबाई म्हणाल्या, “आमच्या सासूबाई सुईणीला राखेने हात घासल्याशिवाय आत घेत नसत.” सभा हसली, आणि मग जो तो आपापल्या घरच्या बाळंतपणांविषयी बोलू लागला. चित्रपट पुन्हा सुरू करायला अर्धा तास लागला.

शेवटचा थांबा आनंदीबाईंच्या मृत्यूचा. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने त्या गेल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातला स्त्रियांचा विभाग त्यांची वाट पाहत राहिला. क्षयाचा जंतू कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवला होता. पण त्याला मारणारे स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडले. रोग कळला होता, औषध नव्हते. आज ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, हेही मी तिथेच सांगून टाकले.

मधला थांबा मी मुद्दाम मागे ठेवला. तिथे मला डॉक्टरांच्या नळीविषयी सांगायचे होते. १८१६ मध्ये पॅरिसच्या लाएनेक नावाच्या डॉक्टरांपुढे हृदयविकाराची एक तरुण बाई आली. तेव्हा छातीला कान लावून ऐकण्याची रीत होती. परक्या बाईच्या बाबतीत ते त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकवले, दुसरे आपल्या कानाला लावले. ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. त्यातून स्टेथोस्कोप झाला. लाजेतून एवढे मोठे साधन निघाले, असे म्हणून मी पुढे जाणार होते. पण तोंडून निराळेच निघाले.

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या स्तनात गाठ होती. गावचे डॉक्टर पुरुष. म्हणून त्यांनी दीड वर्ष कोणाला सांगितले नाही. मलाही नाही, आणि आम्ही एका चुलीवर स्वयंपाक करत होतो. कळले तेव्हा गाठ फुटली होती. त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली. हे मी चारचौघींत कधी बोलले नव्हते. त्या दिवशी अंधारात बसल्यामुळे बोलले असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्यातलीच एक भगिनी माझ्याकडे आली आणि तिने आधी दाराची कडी लावली. हे तिच्या परवानगीने सांगते आहे. नाव कोणी विचारू नये. त्याच दुपारी आम्ही दोघी तपासणीला गेलो. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तिच्या लेकीच्या वयाच्या होत्या. गाठीचा तुकडा काढून पुढे पाठवला आहे. त्याचा कागद अजून आलेला नाही, आणि तो आल्याखेरीज प्रयोगाविषयी काय लिहावे हे मला समजेना. म्हणून अहवालात एकच ओळ आहे.