रामाचा पुटपाक
पुटपाक करताना वैद्य औषध दोन परळांमध्ये कोंडतो, सांधा कापडमातीने लिंपतो आणि ते संपुट गोवऱ्यांच्या आचेत ठेवतो. आतला दाह बाहेरून दिसत नाही. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त रामाच्या शोकाला हीच उपमा दिली आहे. औषधशाळेतील वस्तू करुणरसात इतकी चपखल बसावी, हे नवलच!

सीतात्यागाला बारा वर्षे लोटली आहेत. राम राज्य करीत आहे. तिसऱ्या अंकात तो पंचवटीत येतो, तेव्हा सीतेची सखी वनदेवता वासंती भेटते. ती त्याला ‘महाराज’ म्हणते आणि क्षेम विचारते ते केवळ लक्ष्मणाचे. त्या परक्या संबोधनावरूनच, हिला सर्व ठाऊक आहे, हे राम ओळखतो. पुढे ती उघडच विचारते, असे निष्ठुर कर्म का केलेत? लोकांना सहन होत नाही म्हणून, एवढेच तो सांगू शकतो. आणि बारा वर्षांचे लिंपण तडकते. राजा मुक्तकंठाने रडतो, मूर्च्छित पडतो. गंगेच्या प्रसादाने अदृश्य झालेली सीता जवळच उभी असते. ती त्याला हात लावते. डोळ्यांना कोणी दिसत नाही. स्पर्श मात्र तो ओळखतो.