झाकणाआडचे अन्न



मे महिना सरत आला आणि पावसाची चाहूल लागली की रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराच्या तोंडी एकच शब्द असतो, ‘कॅनिंग’. पेटीत भरून मुंबई-पुण्यास पाठवावा असा आंबा तोवर संपत आलेला असतो. उरलेला किलोच्या भावाने कारखान्यात जातो आणि रस होऊन डब्यात बंद होतो. तोच डबा पुढे कधी गणपतीत, कधी दिवाळीत, तर कधी दुबईतल्या एखाद्या मराठी घरात उघडला जातो. उघडणाऱ्याने ना ती बाग पाहिलेली असते, ना तो कारखाना. मंडईत वांगे उलटसुलट करून कीड शोधणाऱ्या चोखंदळ गृहिणीचे डोळे, नाक आणि बोटे डब्यापुढे निरुपयोगी ठरतात. म्हणूनच या बाबतीत तिच्या वतीने कोणीतरी पारख करावी लागते, आणि ते काम शासनाचे आहे.

अन्न टिकवणे आपल्याला नवे नाही. मीठ, साखर, तेल आणि ऊन या चार साधनांवर आपल्या घराघरांतील लोणची, मुरांबे, आमसुले वर्षभर टिकत आली. बरणीत ओला चमचा घालू न देणारी आजी सूक्ष्मजीवशास्त्राचाच नियम पाळत होती. डबाबंदीची युक्ती मात्र फ्रान्समधली. सैन्याच्या शिधासाठी तेथील सरकारने 1795 मध्ये 12,000 फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले आणि निकोला आपेर नावाच्या हलवायाने 1810 मध्ये ते पटकावले. बाटलीत अन्न भरून, घट्ट बूच लावून ती उकळत्या पाण्यात ठेवायची, एवढीच त्याची रीत. अन्न त्यामुळे का टिकते, हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते. ते कोडे पुढे पाश्चरच्या संशोधनाने उलगडले.

धोका मात्र त्याच रीतीत दडलेला आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू हवा नसेल तिथेच फोफावतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तासन्‌तास तग धरतात. त्याच्या विषाला चव नसते, वास नसतो, आणि डबा फुगलेलाच असेल असेही नाही. त्याला रोखते ती आम्लता. सामू 4.6 किंवा त्याहून कमी असला की हा जिवाणू वाढत नाही. आंब्याचा रस, गरज पडल्यास सायट्रिक आम्ल घालून, या रेषेच्या खाली ठेवता येतो. मटार, मशरूम, मासे यांचे तसे नाही. त्यांचे डबे दाबाखाली सुमारे 121 अंश सेल्सिअसपर्यंत, ठरावीक वेळ तापवावे लागतात. आंब्याच्या रसात यशस्वी झालेल्या उद्योजकाने त्याच कढईच्या भरवशावर भाज्यांचे डबे काढणे म्हणजे जिवाशी खेळ.

अमेरिकेने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. 1971 मध्ये न्यूयॉर्क राज्यात बटाट्याच्या डबाबंद सूपमुळे एक गृहस्थ दगावला, त्याची पत्नी अत्यवस्थ झाली. कंपनीचे दिवाळे निघाले, आणि 1973 मध्ये कमी आम्लतेच्या डबाबंद अन्नासाठी तेथे सविस्तर नियम आले.

आपल्याकडे भेसळ प्रतिबंधक कायदा 1954 चा आणि फळांच्या उत्पादनांसंबंधीचा आदेश 1955 चा. सरबत, जॅम, लोणचे यांच्या वेष्टनावरची ‘एफपीओ’ ही खूण अनेकांना आठवत असेल. दुधाचा आदेश वेगळा, मांसाचा वेगळा, तेलाचा वेगळा. कारखानदार एक आणि दारात उभे राहणारे अधिकारी अनेक, असा प्रकार होता. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने हे सारे एका छत्राखाली आणले. 2008 मध्ये प्राधिकरण उभे राहिले आणि 5 ऑगस्ट 2011 पासून नियम लागू झाले. महाराष्ट्रात त्यांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते.

या नियमांचे वाचन रंजक नाही, पण उद्‌बोधक आहे. 2011 च्या मानकांनुसार जॅममध्ये किमान 45 टक्के फळ हवे; स्ट्रॉबेरीसारख्या फळास सवलत देऊन ते 25 टक्के. तेलातल्या लोणच्यात फोडींचे प्रमाण किमान 60 टक्के. आपल्या घरच्या बरणीला हे सांगावे लागत नाही, दुकानातल्या बाटलीला सांगावे लागते.

छोट्या उद्योगांचे काय, हा प्रश्न बचत गटांच्या भगिनी हटकून विचारतात. 2011 च्या परवाना नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना केवळ नोंदणीची मुभा दिली आणि तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये ठेवले. ही सोय रास्त होती. तथापि जिवाणू उलाढाल पाहून येत नाही. सवलत कागदपत्रांत असावी, स्वच्छतेत नव्हे. गटांना खरी उणीव भासते ती जवळच्या प्रयोगशाळेची. सामू मोजण्याचे साधे यंत्र आणि ते वापरण्याचे दोन दिवसांचे शिक्षण गावात पोहोचले, तर दंडाच्या धाकापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

कायद्याला दात आहेत. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू ओढवल्यास किमान सात वर्षांचा, प्रसंगी जन्मठेपेपर्यंत कारावास आणि किमान 10 लाखांचा दंड. शिवाय वारसांना किमान 5 लाखांची भरपाई. पण खटला उभा राहतो तो नमुन्यावर. अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो आणि विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यावा, असे कायदा म्हणतो. हे वेळापत्रक पाळले जाते की नाही, हे विचारण्याचा अधिकार नागरिकांना आहे.

याच कायद्याचे 40 वे कलम फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. त्यानुसार सामान्य ग्राहकही शुल्क भरून विकत घेतलेला पदार्थ सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि पदार्थ मानकांत बसला नाही तर शुल्क परत मिळते. अट एकच: आपण हा पदार्थ तपासणीस देणार आहोत, असे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावे लागते. दुकानात उभे राहून हे सांगायला धैर्य लागते, आणि ऐकून विक्रेता फळीवरचा दुसराच डबा पुढे करील, ही शक्यता कायदा करणाऱ्यांना सुचली नसावी. त्यावर तोड म्हणजे हे काम एकट्याने न करणे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात 1974 मध्ये ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेही ग्राहक एकटा पडतो म्हणूनच. एका वसाहतीतील चार-पाच कुटुंबांनी मिळून, वेष्टनावरचा 14 अंकी परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक टिपून, पावती घेऊन, वर्षातून दोन-तीन वस्तू जरी तपासणीस दिल्या, तरी गल्लीतल्या दुकानदारापासून वितरकापर्यंत त्याची वार्ता पोहोचायला आठवडाही लागणार नाही.