‘दहा तारखेलाच’ आणि ‘ओन्ली’

इंग्रजीत क्रियापदाचा काळ चुकला म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी पुष्कळजण शाळेत छडी खाऊन शिकले आहेत. परंतु काळ बरोबर असूनही वेळ चुकू शकते. ही चूक घडवतात ती वेळेच्या शब्दांना बिलगून बसणारी लहानसहान क्रियाविशेषणे.

आमच्या चांदूर रेल्वेचा एक विद्यार्थी. शिष्यवृत्तीचा अर्ज पोचण्याची शेवटची तारीख होती १५. त्याने तो १० तारखेलाच टपालात टाकला. तरी वेळेत पोचला नाही. खुलासा मागवण्यात आला. ‘मी अर्ज दहा तारखेलाच पाठवला’ हे त्याने इंग्रजीत लिहिले : ‘आय सेंट इट ओन्ली ऑन द टेन्थ.’ उलट टपाली उत्तर आले, ‘अर्ज उशिरा पाठवल्याचे आपणच कबूल करता.’ पोरगा रडकुंडीला आला. माझाही चेहरा उतरला. कारण ‘ओन्ली’ हा शब्द तारखेच्या मागे नव्हे, पुढे घालावा, हे त्याला मीच शिकवले होते. शब्दाची जागा बरोबर होती. अर्थ मात्र उलटला होता.

असे का झाले? आपल्या व्याकरणात ‘च’ला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. हा एवढासा ‘च’ दोन्हीकडची दारे लावतो. ‘दहालाच पाठवला’ म्हणजे ‘त्याआधी नाही’ असेही होते, आणि ‘त्यानंतर नाही, मुळीच वेळ दवडला नाही’ असेही होते. कोणता अर्थ घ्यायचा, ते बोलणाऱ्याच्या सुरावरून कळते. वेळेच्या शब्दाआधी येणारा इंग्रजी ‘ओन्ली’ मात्र मागचेच दार लावतो. त्याचा अर्थ ‘त्याआधी नाही’ एवढाच. म्हणून ‘पाहुणे कालच आले’ याला ‘ओन्ली येस्टरडे’ शोभते. कालच्या आधी ते आलेले नव्हते. पण तत्परता दाखवायची तर इंग्रज माणूस ‘अ‍ॅज अर्ली अ‍ॅज द टेन्थ’ असे काहीतरी म्हणेल.

आता ‘अजून’ घ्या. आमच्या स्टेशनावर उभे राहिले की हा शब्द हमखास कानी पडतो. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ साली पुरी झाली, तेव्हापासून पडत असावा! ‘अजून पाऊस चालू आहे’ याला इंग्रजीत ‘स्टिल’ हवा. ‘गाडी अजून आली नाही’ याला ‘येट’. पण तासभर ताटकळलेला प्रवासी म्हणतो, ‘अहो, गाडी अजून आलीच नाही हो!’ तेव्हा इंग्रजीतही पुन्हा ‘स्टिल’ येतो : ‘द ट्रेन स्टिल हॅजन्ट कम.’ ‘येट’ नुसती बातमी देतो. ‘स्टिल’मध्ये कुरकूर असते. साहेबाला पत्र लिहिताना हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

तिसरा शब्द ‘जस्ट नाउ’. ‘मी आत्ताच आलो’ हे ‘आय केम जस्ट नाउ’. पण ‘आत्ता येतो’ म्हणताना आपण ‘आय विल कम जस्ट नाउ’ म्हणतो, ते इंग्लंडात खटकेल. तिथे ‘इन अ मिनिट’ म्हणावे. गंमत अशी, की दक्षिण आफ्रिकेत हाच ‘जस्ट नाउ’ ‘येईन थोड्या वेळाने, सवडीने’ अशा अर्थाने सर्रास चालतो. तेव्हा त्याला अडाणीपणा म्हणू नये. देश बदलला की घड्याळही बदलते, एवढेच.

मग आपण करावे काय? मराठी वाक्य इंग्रजीत नेण्यापूर्वी त्या ‘च’ला विचारावे, ‘बाबा रे, तू कोणते दार लावतोस?’ उत्तर मिळेना तर क्रियाविशेषण गाळावे. आमच्या विद्यार्थ्याने शेवटी तेच केले. दुसऱ्या पत्रात ‘ओन्ली’ नव्हता. नुसती तारीख होती आणि सोबत टपालाची पावती. अर्ज दाखल करून घेतला गेला.

मी मात्र तेव्हापासून वर्गात शब्दाची जागा शिकवण्याआधी त्याचा अर्थ विचारतो.