शेवटच्या पानावरची पैज

पत्त्यांच्या खेळांत बुद्धीची कसोटी कोठें लागते असें विचारलें, तर बहुतेक लोक पानें वाटण्याच्या क्षणाकडे बोट दाखवितील. पोकर या अमेरिकन खेळांत मात्र ती सर्व पानें उघडल्यावर लागते. आणखी एकहि पान यावयाचें उरलेलें नसतें, दैवानें आपलें काम पुरें केलेलें असतें, आणि समोरचा गृहस्थ भली मोठी रक्कम पुढें सरकवून गप्प बसलेला असतो. तेवढीच रक्कम भरून त्याचीं पानें पाहावयाचीं, कीं आपलीं मुकाट्यानें टाकून द्यावयाचीं? तीन पत्तींत 'शो' मागणाऱ्यास या प्रश्नाची थोडीशी चव ठाऊक असते.

या खेळाच्या सर्वांत प्रसिद्ध प्रकारांत प्रत्येकास दोन गुप्त पानें मिळतात व मेजावर सर्वांच्या उपयोगाचीं पांच पानें क्रमानें उघडलीं जातात. प्रथम तीन, मग एक, मग शेवटचें. या शेवटच्या पानास 'रिव्हर' म्हणजे नदी असें नांव आहे. सातांतून उत्तम पांच निवडावयाचीं आणि प्रत्येक टप्प्यास पैज लावावयाची, एवढेंच काय तें शास्त्र.

२००३ सालच्या मे महिन्यांत लास व्हेगास शहरीं, बिनियन्स हॉर्सशू नांवाच्या जुगारगृहांत, 'वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर' या वार्षिक सामन्यांची मुख्य स्पर्धा शेवटास आली होती. दहा हजार डॉलर प्रवेशमूल्य भरावयाच्या या स्पर्धेंत ८३९ खेळाडू उतरले होते. त्यांतले आतां दोघेच उरले. पहिलें बक्षीस २५ लाख डॉलरांचें, दुसरें १३ लाखांचें. एक खेळाडू सॅम फरहा. जन्म लेबाननमधला, धंदा जुगाराचा, आणि ओठांत सदैव न पेटविलेली सिगारेट. दुसरा टेनेसी राज्यांतील २७ वर्षांचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर. हें नांव कोणासहि बनावट वाटावें, पण तें त्याचें खरेंच आडनांव! इंटरनेटवरील एका किरकोळ रकमेच्या पात्रता-फेरींतून तो येथवर पोंचला होता.

ज्या डावाबद्दल आजहि वाद होतो त्यांत फरहाजवळ इस्पिकची राणी व बदामची नव्वी होती. मेजावर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री आणि इस्पिकची छक्की आली. दोघांनींहि पैज लावली नाहीं. चौथें पान इस्पिकची अठ्ठी. फरहानें तीन लाख चकत्या पुढें केल्या, मनीमेकरनें आठ लाख केल्या, फरहानें त्याहि भरल्या. पांचवें पान निघालें बदामची तिर्री. फरहा स्वस्थ राहिला. आणि मनीमेकरनें सर्वस्व पणास लावलें. डावांत त्या वेळीं सुमारें १८ लाख चकत्या जमल्या होत्या, आणि होकार द्यावयाचा तर फरहास त्याहूनहि अधिक, म्हणजे जवळ उरलेल्या सर्वच्या सर्व भराव्या लागणार होत्या.

पहिला विचार किंमतीचा. डावांत शंभर जमले असतां समोरच्यानें शंभर लावले, तर आपण शंभर भरून दोनशें मिळविण्याची आशा करतों; तीनांत एकदां आपलें खरें ठरलें तरी हिशेब जुळतो. त्यानें पन्नासच लावले तर चारांत एकदां पुरे, दोनशें लावले तर पांचांत दोनदां हवें. निम्म्याहून अधिक वेळां जिंकलेंच पाहिजे अशी नवशिक्याची समजूत असते, ती चुकीची आहे. फरहापुढील पैज डावांतील रकमेहून मोठी, म्हणून त्याला तीनांत एकाहून कांहीसें जास्त यश अपेक्षावें लागत होतें.

दुसरा विचार समोरच्याच्या पानांचा. तिर्रीनें कोणाचेंहि भलें केलेलें नव्हतें; जो चौथ्या पानास पुढें होता तो अजूनहि पुढेंच होता. मध्यम प्रतीचीं पानें असणारा मनुष्य अशा वेळीं पैज न लावतां पानें दाखवून मोकळा होतो. सर्वस्व लावणारा एक तर एका रंगाचीं पांच पानें, सलग ओळ किंवा तसेंच कांहीं बळकट घेऊन बसलेला असतो, नाहीं तर अगदीं रिकामा असतो. म्हणजे फरहाची नव्व्यांची जोडी फक्त हुलेलाच हरवूं शकत होती; ती एक्क्यांची असती तरी फारसा फरक पडला नसता.

येथें थोडी मोजदाद करण्याजोगी आहे. इस्पिकचीं तेरा पानें. तीन मेजावर, एक फरहाच्या हातांत, राहिलीं नऊ. नऊ पानांतून दोन-दोनांच्या जोड्या ३६ होतात. ती राणी हातांत नसती तर दहा पानांतून ४५ झाल्या असत्या. तेव्हां त्या एका राणीनें रंग जमल्याची भीति पंचमांशानें कमी केली होती. शिवाय इस्पिकचा एकटा एक्का किंवा एकटा राजा धरून रंगाची वाट पाहणारा आणि फसलेला खेळाडूहि संभवनीय होताच. फरहानें तर बोलूनहि दाखविलें कीं तुझा रंग हुकलेला दिसतो.

तिसरा विचार चेहऱ्याचा. प्रत्यक्ष मेजावरच्या खेळांत लोक याला फार महत्त्व देतात. मनीमेकर काळा चष्मा व टोपी घालून पुतळ्यासारखा बसला होता. पण पुतळ्यावरून काय वाचावें? भीतीनें गोठलेला आणि आनंद दडपणारा असे दोघेहि सारखेच दिसतात. चेहऱ्यापेक्षां पैजांची कथा अधिक बोलते. आणि ही कथा सुसंगत होती. चौथ्या पानास रंग जमलेला मनुष्य तेव्हां असाच वाढवील व शेवटीं असाच सर्व लावील.

फरहाच्या मनांत आणखी एक गोष्ट असावी. स्पर्धेच्या मधल्या टप्प्यांत बाद होण्याचें दुःख चकत्या मिळण्याच्या सुखाहून मोठें असतें, कारण टिकून राहण्यानेंच बक्षीस वाढतें. दोघे उरल्यावर तसें नसतें. १३ लाख दोघांच्याहि पदरांत पडलेलेच. झगडा वरच्या १२ लाखांसाठीं, आणि प्रत्येक चकतीचें मोल सारखें. म्हणून भीतीला गणितांत जागा नव्हती. जागा होती ती आत्मविश्वासाला. समोरचा कच्चा आहे, याहून सोपी संधि पुढें मिळेल, असें मुरलेल्या खेळाडूस वाटणें स्वाभाविक आहे, आणि कांहीं अंशीं योग्यहि. मात्र एवढी रक्कम सोडल्यावर वाट पाहावयास बळ किती उरतें, हेंहि त्याच तराजूंत घालावें लागतें. तें बहुतेक जण घालीत नाहींत.

फरहानें पानें टाकलीं.

मनीमेकरजवळ इस्पिकचा राजा व बदामची सत्ती होती. एखादें इस्पिक, दश्शी किंवा पंजी आली असती तर त्याचा डाव जमला असता. कांहींच आलें नव्हतें. दूरचित्रवाणीवर हीं पानें प्रेक्षकांना दिसत होतीं, आणि शतक नुकतेंच सुरूं झालें असतांहि समालोचकानें हिला शतकांतील हूल ठरवून टाकलें! पानें उघडीं पाहणाऱ्यास फरहाला नांवें ठेवणें सोपें आहे. परंतु जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ सालच्या ग्रंथांतहि पोकरमधील हुलेचें गणित मांडलेलें आहे. डावाएवढी पैज लावणारा निष्णात खेळाडू तीनांत एकदां हूल देतो, आणि मग समोरच्यानें होकार दिला काय न दिला काय, हिशेब सारखाच राहतो. एका नवख्या हिशेबनिसास एवढें प्रमाण साधत असेल हें फरहाला पटलें नाहीं, आणि फिर्याद करावयाची तर त्याच्या या एका अंदाजाविरुद्धच करतां येईल.

त्यानंतर थोड्याच वेळानें फरहानें गुलाम व दश्शी घेऊन सर्व लावलें. मेजावर गुलाम, पंजी, चव्वी. मनीमेकरच्या हातांत पंजी-चव्वीच होती, आणि शेवटचें पानहि पंजीच आलें. पुढल्या वर्षीं, म्हणजे २००४ सालीं, त्याच स्पर्धेंत २,५७६ खेळाडू येऊन बसले.